मिस्टरांचं सिबिल किती?

2025 च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात एक जमत आलेलं लग्न मोडलं. सगळं पसंत होतं. तेवढ्यात मुलीच्या मामांनी नवरदेवाचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत सांगणारा आकडा, बघायचा हट्ट धरला. ते निघालं कमी, वर डोक्यावर कर्जं निघाली, आणि मामांनी मुलगी द्यायला साफ नकार दिला. पेपरात बातमी आली त्या दिवशी आमच्या बँकेत चहाच्या वेळी दुसरा विषयच नव्हता. सगळे मामांचं कौतुक करत होते. मी खाली मान घालून चहा पीत होते. आमच्या लग्नात माझे मामा जेवणावळीच्या बंदोबस्तावर होते आणि त्यांचं सगळं लक्ष जिलेबीच्या परातीकडे होतं, हे किती बरं झालं, एवढंच माझ्या मनात येत होतं.

कारण मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते, माझं सिबिल 791 आहे, आणि आमच्या यांचं 548.

आता तुम्ही म्हणाल, बँकवालीला हे आधी कळलं नाही का? कळलं होतं. किंबहुना ओळखच तिथून झाली. हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड पुरवतात. वडशाला आमच्या शाखेत ते कर्जाचा अर्ज घेऊन आले होते आणि मी तो रीतसर नामंजूर केला होता. काही महिन्यांनी त्यांनी दुसरा अर्ज केला, त्याला तारण लागत नव्हतं. तो मी मंजूर केला. आमच्या शाखेत अजून म्हणतात, मॅडमनी आयुष्यात एकच रिस्की प्रपोजल पास केलं.

यांच्या सिबिलची कहाणी तशी साधी आहे. झाडीपट्टीचा सीझन दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांपासून सुरू होतो आणि होळीच्या आसपास आटपतो. यांनी मोठे बॉक्स, मिक्सर, अॅम्प्लिफायर सगळं एका फायनान्स कंपनीकडून हप्त्यावर उचललं. पहिला सीझन झकास गेला आणि लगेच 2020 चा मार्च आला. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत दिली. त्या महिन्यांत नाटकवाल्याला तसंही काम नसतं! सवलत संपली तेव्हा सीझन तोंडावर होता, आणि तो आलाच नाही. रात्रभर चालणारी नाटकं बंद, मंडई बंद, आणि शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, तर कोर्टानं आधीच बंद केलेला. कंपनीशी शेवटी तडजोड झाली आणि रिपोर्टवर ‘सेटल’ असा शेरा बसला. लोकांना वाटतं सेटल म्हणजे मिटलं. बँकेच्या भाषेत सेटल म्हणजे ‘याला ओळखून ठेवा’.

हे सगळं आमच्या दोघांत होतं तोवर ठीक होतं. मग माझी बदली सडक अर्जुनीला झाली.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुन्या दोन. एक अर्जुनी मोरगाव, एक सडक अर्जुनी. दोन्ही तालुक्याची ठिकाणं. वडशाहून निघालं की आधी मोरगावची लागते. मी रेल्वेनं सौंदडला उतरून पुढे आले आणि सामानाची गाडी मागून येणार होती. यांनी ड्रायव्हरला ‘अर्जुनीला जायचं’ एवढंच सांगितलं आणि निश्चिंत झोपले. ड्रायव्हर प्रामाणिक होता. त्यानं पहिली अर्जुनी लागताच गाडी थांबवली, एका ओळखीच्या गोदामात सामान नीट उतरवलं, ताडपत्री घातली आणि परत गेला. पुढचे कितीतरी दिवस आमचं कपाट, गादी आणि यांचे बॉक्स एका अर्जुनीत आणि मी दुसऱ्या अर्जुनीत, बँकेतल्या एका मॅडमच्या पुढच्या खोलीत.

घर शोधायला तिथून सुरुवात झाली. मला वाटलं होतं, बँकेतली बाई, पगार दर महिन्याला, घरमालक रांग लावतील. रांग होती, पण ती माझ्या टेबलापुढे होती आणि घरं त्याच रांगेतल्या लोकांची होती.

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 2025 च्या मे महिन्यात बँकांच्या बैठकीत बजावलं होतं की पीककर्जाला शेतकऱ्याचं सिबिल मागू नका. मागत नाही. पण ट्रॅक्टर, मोटरसायकल, दुकान, घर या सगळ्याला बघावंच लागतं. 300 ते 900 मधला एक आकडा कॉम्प्युटर दाखवतो आणि मी तो गंभीर चेहऱ्यानं समोरच्याला सांगते. ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही त्याला तर कॉम्प्युटर उणे एक दाखवतो. आयुष्यभर कुणाचा पैसा बुडवला नाही अशा म्हाताऱ्याला ‘तुमचा आकडा उणे एक आहे’ हे सांगताना काय वाटतं ते मलाच ठाऊक. त्या म्हाताऱ्यानं मात्र शांतपणे विचारलं होतं, “म्हंजे मीच बँकेचा एक देणं लागतो का जी?”

पहिलं घर महामार्गाला लागून. नवीन स्लॅब, दारावर गणपतीची टाइल, कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या ट्रकांनी दर दोन मिनिटांनी थरथरणाऱ्या खिडक्या. घरमालक बाहेर आले. माझ्याकडे बघितलं. तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

“मॅडम, तुमीच न? लोनच्या टेबलावरच्या?”

“हो काका.”

“मागच्या आठवड्यात माझ्या पोराले मोटरसायकलीसाठी परत पाठवलं तुमी.”

“काका, त्याचं सिबिल...”

“हाव, माहीत हाय. सिबिल.” त्यांनी बाजूला पिंक टाकली. “मंग आता सांगा. तुमचं सिबिल किती?”

मी ताठ झाले. या प्रश्नाची मी जन्मभर वाट पाहिली होती. “791!”

“न मिस्टरांचं?”

ट्रक गेला. खिडक्या थरथरल्या. मी म्हटलं, “काका, भाड्याच्या घराला सिबिल लागत नसतं हो.”

“गाडीले लागते न घराले लागत नाई? गाडी तं पोरगा चालवनार होता, तुमच्या बँकेत ठेवनार नव्हता. घर तं माझं सोतःचं हाय.”

यावर कोणत्याही बँकेच्या परिपत्रकात उत्तर नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत ही गोष्ट चौकातल्या पानठेल्यावर पोचली आणि तिथून तालुकाभर. मी जिथे जाईन तिथे भाडं, डिपॉझिट, नळाची वेळ हे सगळं नंतर. आधी ‘मिस्टरांचं सिबिल किती?’ काहींनी तर ऑनलाइनवाल्याकडे चौकशी करून ठेवली होती की सिबिलसारखी प्रत्येक कंपनी वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट देते, तेव्हा मॅडमनी प्रिंट आणायला हरकत नाही. एकानं विचारलं, “लगन झाल्यावर दोघांचं एक होते न सिबिल?” मी समजावलं की नाही, ज्याचं त्याचं वेगळं राहतं, फक्त दोघांनी मिळून कर्ज काढलं तर दोघांचं बघतात. तो म्हणाला, “मंग घरात तं दोघंही राहनार न?”

रात्री मी म्युनिकला राहणाऱ्या मावसबहिणीला फोन करून रडगाणं गायलं. ती म्हणाली, त्यात काय, आमच्याकडे घर बघायला गेलं की ‘शुफा’चा दाखला दाखवावाच लागतो. ही शुफा म्हणे तिकडची सिबिल, 1927 पासून लोकांची उधारी लिहून ठेवते. आपली सिबिल निघाली 2000 साली. म्हणजे जर्मनी जिथे आहे तिथे सडक अर्जुनी पोचली, असं म्हणून ती हसली. तिला हसायला काय जातं, तिचा नवरा नाटकाला साउंड पुरवत नाही.

पुढचं घर एका निवृत्त गुरुजींचं. हे घर मला फार आवडलं. छपरी, मागे सांदवाडी, सांदवाडीत सीताफळाचं झाड. गुरुजींचा सिबिलवर विश्वास नव्हता. त्यांची स्वतःची पद्धत होती. त्यांनी एक वही काढली आणि मला स्वहस्ताक्षरात अर्ज लिहायला सांगितलं. मी लिहिला. त्यांनी लाल पेन काढून तपासला. ‘भाडेकरू’मधला रू मी ऱ्हस्व काढला होता, त्याचा एक गुण गेला. मग स्वच्छता, पगाराची नियमितता, पाहुण्यांचं प्रमाण, मांसाहार असे रकाने. शंभरपैकी अडुसष्ट मिळाले. यांच्या रकान्यात त्यांनी ‘गैरहजर’ लिहिलं.

“ते करतात काय?”

“नाटकांना साउंड देतात.”

“म्हणजे रात्री जातात, पहाटे येतात.”

“हो.”

“तरुणपणी मी पण नाटकात होतो.” गुरुजींचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला. “तेव्हा नाटक नाटक होतं. आता मध्येच डान्स घुसवतात. आणि तुमच्या मिस्टरांचे ते बॉक्स! मागच्या मंडईत माझी छाती धडधडत होती. मला वाटलं अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, साउंड आहे.”

त्यांनी वहीत शेरा मारला: ‘पात्र. प्रतीक्षा यादीत ठेवावे.’ यादीत आणखी कोण आहे हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यानंतरच्या आजींना सिबिल ठाऊकच नव्हतं, म्हणून मी खुशीत आत गेले. त्यांनी पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “कोनाचे तुमी?” मी आडनाव सांगितलं. पुरलं नाही. सासर सांगितलं, माहेर सांगितलं, आईचं माहेर सांगितलं. आजी डोळे मिटून ऐकत होत्या आणि मनातल्या मनात कुठल्या तरी बोळातून चालत निघाल्या होत्या. अचानक थांबल्या. डोळे उघडले. माझ्या चुलतसासूच्या नणंदेनं म्हणे आजींच्या बहिणीकडून एका लग्नात पितळेची घागर नेली होती. ती परत आली नव्हती. लग्न कोणत्या साली झालं? आजी म्हणाल्या, “तवा भंडारा जिल्हा होता.” म्हणजे 1999 मध्ये गोंदिया वेगळा व्हायच्या आधी. कर्ज बुडवलेल्या माणसाची नोंद सात वर्षांनी रिपोर्टवरून उतरायची शक्यता तरी असते. आजींच्या दप्तरी तशी सोय नव्हती. मी घागरीची किंमत भरून द्यायची तयारी दाखवली. आजी म्हणाल्या, पैशाचं नाही बाई, घागरीचं आहे.

यानंतर मी हरले आणि बदली रद्द करण्याचा अर्ज लिहायला घेतला. तेवढ्यात आमचे हे अखेर दुसऱ्या अर्जुनीतून सामान सोडवून घेऊन आले. जुलैचा पाऊस धो धो पडत होता. गाडी चौकात थांबली. घर मिळालेलं नाही हे यांना माहीत नव्हतं, म्हणजे मी सांगितलं होतं, पण ते फोन कानाला लावून फक्त ‘हं’ म्हणतात. बॉक्सवरची ताडपत्री वाऱ्यानं उडाली होती. हे गाडीवर चढून स्वतःची छत्री बॉक्सवर धरून उभे, स्वतः चिंब भिजलेले. भोवती माणसं जमली. कुणी कपाटाकडे बघितलं नाही, कुणी गादीकडे बघितलं नाही. सगळे बॉक्स मोजत होते.

गर्दीतून एक माणूस पुढे आला. मी त्याला ओळखलं आणि पोटात गोळा आला. ट्रॅक्टर. 612. गेल्याच सोमवारी मी त्याला परत पाठवलं होतं.

“हा साउंड कोनाचा?”

“माझा,” छत्रीमागून उत्तर आलं.

“नवेगावबांधच्या नाटकाले होता का मागच्या साली? शेवटच्या अंकात पावसाचा आवाज आला न लोक उठून पळाले, तो?”

“तोच.”

“बाप्पा! मी पन पळालतो!”

पुढच्या पाच मिनिटांत दोघं गळ्यात गळे घालून त्या नाटकाचा खलनायक कसा हसतो ते एकमेकांना करून दाखवत होते. पावसात. मग त्या माणसानं विचारलं, सामान कुठे चाललंय? हे म्हणाले, कुठे नाही, घर नाही. तो म्हणाला, माझ्याकडं तीन खोल्या हायेत न जी. मी पुढे झाले. म्हटलं, व्यवहारात लपवाछपवी नको. उद्या पानठेल्यावरून कळण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं.

“भाऊ, एक सांगते. यांचं सिबिल 548 आहे.”

तो माणूस स्तब्ध झाला. त्यानं यांच्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मी ते कर्ज मंजूर झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

“माझ्यापेक्षा कमी?”

“हो.”

“न तरी तुमी यांच्यासंगं लगन केलं?”

“हो.”

“चाला घरी. चहा मांडतो.”

घर तीन खोल्यांचं असं त्यांनी सांगितलं होतं ते खरं होतं. त्यातल्या तिसऱ्या खोलीत छतापर्यंत उन्हाळी धानाचे कट्टे रचले होते हे त्यांनी सांगितलं नव्हतं. “काटा झाला का उचलतो,” ते म्हणाले. 2024-25 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता, पण खरेदी केंद्रावर नंबर लागायला हवा, नंबर लागला तर बारदाना हवा, बारदाना मिळाला तर गोदामात जागा हवी. गोदामात जागा नव्हती, कारण ती आमच्या तिसऱ्या खोलीत होती. पैशाचे चुकारे तर त्याच्याही नंतर. पहिल्या रात्री मला कुरकुर ऐकू आली. दिवा लावून बघते तर सर्वांत खालच्या कट्ट्याला बोटभर भोक पडलेलं आणि तिथून धानाची एक बारीक सरळ रेघ उंबरा ओलांडून, आमच्या गादीला वळसा घालून, थेट स्वयंपाकघराच्या मोरीत गेलेली. उंदरानं एक दाणा इकडचा तिकडे सांडला नव्हता. मी हे घरमालकांना सांगितलं. ते म्हणाले, त्याचं भाडं वेगळं नाई लावनार.

करारनाम्याचीही एक गंमत झाली. मी म्हटलं, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, करार लेखी हवा आणि नोंदवायला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. ते म्हणाले, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ. मी म्हटलं, शंभराचा स्टॅम्प 2024 च्या ऑक्टोबरात बंद झाला, आता पाचशेचा. ते म्हणाले, मंग वहीच्या पानावर लिहू, पाचशे तुमी मले द्या. शेवटी मी हट्टानं ऑनलाइन नोंदणी करायला बसवलं. भाडेकरूच्या रकान्यात मी माझं नाव घालायला लागले तर त्यांनी हात धरला.

“तुमचं कायले? घर मानसाच्या नावानं पाह्यजे.”

“पण पगार माझा आहे. सिबिल माझं आहे. भाडं माझ्या खात्यातून जाणार.”

“ते जाऊ द्या न. पन उद्या काई झालं तं मी कोनाले धरू? बाईमानसाले धरनं बरं दिसते का?”

म्हणजे 791 वाल्या बाईला घर मिळालं ते 548 वाल्या नवऱ्याच्या जामिनावर. करारावर सही यांची. पोलिसांकडे द्यायच्या भाडेकरूच्या अर्जात यांचं नाव आधी आणि माझं नाव ‘सोबत राहणाऱ्या व्यक्ती’ या रकान्यात. दारावर पाटी यांची. पानठेल्यावर यांची उधारीची वही उघडली आहे, किराणावाला यांना सामान घरपोच पाठवतो. मी रोख पैसे दिले तरी तो नोट उजेडात धरून बघतो.

गेल्या महिन्यात ट्रॅक्टरचा अर्ज पुन्हा माझ्या टेबलावर आला. मालक स्वतः आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. “मॅडम, आता तं आपन एका घरातले झालो.” मी कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवला. 619. त्यांना सात गुण वाढल्याचा आनंद झाला, कर्ज नाही म्हटल्याचं दुःख झालं, आणि दोन्ही त्यांनी संध्याकाळी यांच्यासोबत बसून वाटून घेतलं. सकाळी मला कळलं की भाडं तीनशे रुपयांनी वाढलं आहे आणि यांनी ते मोठ्या मनानं कबूलही केलं आहे.

दिवाळीनंतर मंडई सुरू होतात. तुमच्या गावात नाटक असेल तर साउंडसाठी यांनाच सांगा, पावसाचा आवाज खरंच चांगला काढतात. अॅडव्हान्स मात्र माझ्या खात्यात टाका.